सभेंतील वैयाकरण

गेल्या महिन्याच्या टपालांत नाशिकाहून एका गृहस्थांचें पत्र आलें. घर मोठें आहे. तीन पिढ्या एकाच छपराखालीं नांदतात. धाकटी सून पदवीधर, नोकरी करणारी, आणि दर पंधरवड्यास एका वक्तृत्वमंडळाच्या सभेस जाणारी आहे. पुढील सभेंत स्वतः भाषण न करतां इतरांच्या भाषेवर लक्ष ठेवावयाचें व शेवटीं त्याचा वृत्तांत द्यावयाचा, असें काम तिच्या वांट्यास आलें आहे. एवढ्यावरून घरांत दोन पक्ष पडले. आजेसासरे म्हणतात, "मुली, एकहि अशुद्ध शब्द सोडूं नकोस. सभा म्हणजे सभा." धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही लोकांच्या चुका मोजूं लागलांत, तर पुढच्या खेपेला तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील." पत्रलेखकांनीं मजकडे निवाडा मागितला आहे, आणि मास्तर म्हटला कीं त्याचा कौल आजोबांच्या बाजूनेंच पडावयाचा, अशी त्यांची अपेक्षा पत्राच्या शेवटल्या ओळींतून डोकावते आहे. पाहूं या.

हीं मंडळें ज्यांस ठाऊक नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. राल्फ स्मेडली नांवाचे एक गृहस्थ अमेरिकेंत वाय. एम. सी. ए. या संस्थेंत काम करीत. संस्थेंत येणाऱ्या तरुणांस चारचौघांत उभें राहून नीट बोलतां येत नाहीं, सभा चालवितां येत नाहीं, हें पाहून त्यांनीं १९०५ च्या सुमारास इलिनॉय राज्यांतील ब्लूमिंग्टन गांवीं अभ्यासाचा एक प्रयोग केला. आणि पुढें २२ ऑक्टोबर १९२४ रोजीं कॅलिफोर्नियांतील सान्ता आना येथें, त्याच संस्थेच्या तळघरांत, आज ‘टोस्टमास्टर्स’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मंडळाची सभा भरविली. मेजवानीच्या प्रसंगीं शुभचिंतनाच्या भाषणांसाठीं एकेकास पुकारणारा तो टोस्टमास्टर, त्यावरून हें नांव. १९७३ पर्यंत स्त्रियांस तेथें सभासदत्व नव्हतें. आज शंभराहून अधिक देशांत हीं मंडळें चालतात; पुण्यामुंबईंत तर आहेतच. बहुतेकांचा व्यवहार इंग्रजींत होतो, तरी मराठींत बोलणाऱ्यांनींहि ही पद्धत उचलली आहे.

या पद्धतींतील मौज अशी कीं तेथें मास्तर नाहीं. सभासदांनींच एकमेकांस शिकवावयाचें. एकजण घड्याळ धरून बसतो व पांच ते सात मिनिटांच्या भाषणास पांचव्या मिनिटास हिरवा, सहाव्यास पिवळा व सातव्यास तांबडा दिवा दाखवितो. एकजण वक्त्यांच्या तोंडून निघणारे ‘आ’, ‘अं’ मोजतो. प्रत्येक भाषणावर अभिप्राय देणारा निराळा. आणि एक ग्रॅमेरियन, म्हणजे आपल्या भाषेंत वैयाकरण म्हणा किंवा भाषानिरीक्षक म्हणा. त्यानें सभेच्या आरंभीं ‘आजचा शब्द’ सांगावयाचा, सभा चालूं असतां चांगले व वाईट प्रयोग टिपावयाचे, आणि शेवटीं दोन-तीन मिनिटांत ते ऐकवावयाचे. काम प्रत्येकाकडे पाळीपाळीनें येतें. आज ज्यानें दुसऱ्याचें टिपलें, त्याचें उद्यां दुसरा टिपणार.

आपल्याकडे वक्तृत्वाची हौस कांहीं नवी नाहीं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं सुरू झाली. पण आपल्या सभांची रीत कशी? श्रोत्यांनीं ऐकावें, आवडल्यास टाळ्या द्याव्या, न आवडल्यास घड्याळाकडे पाहावें. वक्त्याच्या भाषेविषयीं जें बोलावयाचें तें घरीं परततांना, वाटेंत, तो ऐकत नसतांना! या मंडळांनीं तेंच बोलणें वक्त्याच्या तोंडावर, नेमलेल्या वेळीं व नेमलेल्या माणसानें बोलावें अशी सोय केली आहे. मला ती फार पसंत आहे.

आतां कामाकडे वळूं. पहिली अडचण ऐकण्याचीच आहे. निबंध तपासतांना वाक्य पुन्हां वाचतां येतें. बोललेलें वाक्य वाऱ्यावर गेलें तें गेलें. शिवाय भाषण रंगूं लागलें कीं निरीक्षकाचें लक्ष विषयांत गुंततें, भाषेवरून सुटतें; आणि भाषण रुक्ष असलें कीं लक्ष दोहोंवरूनहि सुटतें. यावर मला माहीत असलेला उपाय एकच. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डाव्या अंगास चांगलें, उजव्या अंगास खटकलेलें. चूक तेवढी न लिहितां, ज्या चार-पांच शब्दांत ती आली ते सगळे शब्द जसेच्या तसे लिहावे; कारण तासाभरानें नुसता ‘मदत’ असा शब्द वाचून काय खटकलें होतें तें आठवत नाहीं. आणि डावें अंग रिकामें राहिलें तर वक्त्यांत गुण नव्हता असें न समजतां आपला कान उजवीकडे कलला आहे असें समजावें.

‘आ’कार मोजणाऱ्याचें काम बहुतेक मंडळांत निराळें असलें, तरी लहान मंडळांत तें वैयाकरणाकडेच येतें. कांहीं ठिकाणीं प्रत्येक ‘आ’ला घंटी वाजविण्याची, कांहीं ठिकाणीं दंडादाखल नाणें टाकण्याची चाल होती. मराठींत मात्र नुसता ‘आ’ मोजून भागणार नाहीं. आमच्या पोकळ्या भरणाऱ्या शब्दांची सेना मोठी आहे. ‘म्हणजे’ हा तिचा सेनापति. मागून ‘तर’, ‘काय’, ‘आपलें’, ‘तें हें’, ‘काय म्हणतात त्याला’; आणि अलीकडे भरती झालेले ‘सो’, ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’. यांत लाजण्यासारखें फारसें नाहीं. यास्काचार्यांनीं निरुक्तांत वेदांतील अशा निपातांची नोंद केली आहे कीं ज्यांस तेथें अर्थ नाहीं, केवळ पाद पुरा करण्यासाठीं ते येतात. ऋषींस छंद पुरा करावयाचा होता. आमच्या वक्त्यांस श्वास पुरा करावयाचा असतो, इतकाच भेद.

पण हे शब्द येतात कां, याचा विचार केला म्हणजे ते घालविण्याची युक्तीहि सांपडते. पुढला शब्द मनांत तयार नसतो, आणि आपण थांबलों तर दुसरा कोणी बोलूं लागेल अशी धास्ती असते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास ही धास्ती चांगलीच परिचित आहे. जेवणाच्या पंगतींत ज्यानें क्षणभर श्वास घेतला त्याचें वाक्य काकांनीं पुरें केलेंच म्हणून समजावें! म्हणून लहानपणापासून ‘म्हणजे, तें आपलें’ करीत आपली जागा धरून ठेवण्याची संवय जिभेस लागते. व्यासपीठावर ती जागा कोणी घेणार नसतें. तेथें खुशाल थांबावें. सभा थांबलेल्या वक्त्याची वाट पाहते. वैयाकरणानें वक्त्यास एवढेंच सांगितलें तरी पुरे. ‘आपण एकतीस वेळां म्हणजे म्हणालांत’ हा आंकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातीं द्यावा, सभेस ऐकवूं नये. आणि एक जपावें. कीर्तनकार ‘बरें का’ म्हणतो तो पोकळी भरण्यासाठीं नव्हे, तर मागच्या खांबाशीं पेंगणाऱ्यास जागें करण्यासाठीं. तो शब्द मोजणारा निरीक्षक कानाचा पक्का पण समजुतीचा कच्चा म्हणावयाचा.

खरी कसोटी यापुढें आहे : चूक कशास म्हणावें? कांहीं प्रयोग असे आहेत कीं त्यांविषयीं दुमत होऊं नये. ‘माझी मदत कर’ हें हिंदीचें पाणी. मराठी माणूस ‘मला मदत कर’ म्हणतो. ‘खूप सारे लोक’ हाहि तिकडूनच आलेला पाहुणा. ‘गाईचें गोमूत्र’, ‘पिवळा पीतांबर’ हीं तर विनोदासाठीं प्रसिद्धच आहेत. पण ‘सर्वश्रेष्ठतम’ किंवा ‘कृपया येण्याची कृपा करावी’ हीं त्यांचींच भावंडें सभांतून गंभीर चेहऱ्यानें वावरतात. ‘आर्शिवाद’ हा उच्चार इतका बोकाळला आहे कीं ‘आशीर्वाद’ म्हणणारा वेगळा दिसतो. आणि सरकारी कागदांतून उतरलेली ‘सत्कार करण्यांत येत आहे’ ही भाषा! सत्कार करणारा समोर उभा, सत्कार घेणारा समोर उभा. मग ‘आम्ही सत्कार करतों’ म्हणावयास कोणाची आडकाठी आहे? हें सर्व खुशाल उजव्या अंगास लिहावें.

परकीय शब्दांविषयीं मात्र हात आंखडता घ्यावा. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आले. हजर, वकील हे अरबीचे. ते घरचे झाले. ‘टेबल’, ‘स्टेशन’ हेहि झाले. ज्याच्यासाठीं तोंडाशीं आलेला चांगला मराठी शब्द मागें सारून इंग्रजी शब्द पुढें केला, तेवढाच टिपावा.

येथवर सोपें आहे. यापुढें संस्कृत जाणणाराच अधिक घसरतो. ‘माझ्या अपरोक्ष हें घडलें’ असें कोणी म्हणाला कीं संस्कृतज्ञाचा हात लेखणीकडे जातो; कारण संस्कृतांत ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोर, आणि बोलणारास तर ‘पाठीमागें’ म्हणावयाचें आहे. पण मग ‘राग’ शब्दाचें काय करणार? संस्कृतांत तो प्रीति व रंग यांचा वाचक, मराठींत भांडणाचा. ‘शिक्षा’ तिकडे अध्ययन, इकडे छडी. ‘चेष्टा’ तिकडे हालचाल, इकडे थट्टा. मराठीनें हे शब्द आपल्या घरीं आणून त्यांस आपलीं कामें सांगितलीं. माहेरच्या नांवानें आतां त्यांस हांक मारण्यांत अर्थ नाहीं.

महाभाष्यांत पतंजलींनीं या प्रकारच्या वैयाकरणाची मोठी गमतीची गोष्ट सांगितली आहे, आणि ती वैयाकरणानेंच लिहावी यांत त्यांचा मोठेपणा. एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा प्रवेता कोण? सारथि म्हणतो, मी याचा प्राजिता. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द! त्याचें म्हणणें सूत्रास धरून होतें, कारण ‘अज्’ धातूच्या जागीं ‘वी’ आदेश व्हावयाचा, तेव्हां रूप ‘प्रवेता’ व्हावयास पाहिजे. सारथ्यानें उत्तर दिलें कीं, महाराज, सूत्र कोठें लागतें तें आपण जाणतां, पण शिष्टांस कोणतें रूप इष्ट आहे तें जाणत नाहीं. वैयाकरण चिडला आणि या ‘दुरुता’नें मला छळलें असें म्हणूं लागला, त्यास वाटलें, ‘सूत’ म्हणजे ‘सु’ आणि ‘उत’, मग ‘सु’ काढून ‘दुर्’ लावला कीं शिवी तयार झाली. सारथि शांतपणें म्हणाला, ‘सूत’ शब्द तसा बनलेला नाहीं, तो निराळ्या धातूपासून आला आहे. शिवीच द्यावयाची असेल तर ‘दुःसूत’ म्हणा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत रथ हांकणारा मनुष्य वैयाकरणास शिवीचेंसुद्धां व्याकरण शिकवितो! ज्यांस भाषानिरीक्षकाचें काम करावयाचें त्यांनीं ही गोष्ट सभेस जाण्यापूर्वीं एकदां आठवावी.

त्याच ग्रंथाच्या आरंभीं आणखी एक कथा आहे. कांहीं ऋषि नेहमींच्या बोलण्यांत ‘यद्वा नः, तद्वा नः’ म्हणावयाचें तेथें ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत. लोकांनीं त्यांचें नांवच तें पाडलें. पण यज्ञकर्मांत ते तसें बोलत नसत, म्हणून त्यांस दोष लागला नाहीं. घरची बोली निराळी, मंत्राची निराळी, हा विवेक तेथें सांगितला आहे. आजोबांचें ‘सभा म्हणजे सभा’ हें म्हणणें यावरच उभें आहे व तें खरेंहि आहे. मात्र बारकाईनें पाहा : त्या ऋषींच्या तोंडीं ‘न’च्या जागीं ‘ण’ येई. आपण ज्याला हंसतों त्याच्या अगदीं उलट! आणि तरी पतंजलि त्यांस प्रत्यक्षधर्मा, म्हणजे धर्म साक्षात् पाहिलेले, असे म्हणतात.

हें ‘न’ आणि ‘ण’चें प्रकरण मीं मुद्दाम काढलें. तालुक्याच्या एका गांवीं वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या अशा एका मंडळांत मी पाहुणा म्हणून बसलों होतों. विहिरींवरील पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ, चाळिशी उलटलेले, प्रथमच बोलावयास उभे राहिले. विषय त्यांच्या धंद्याचा. हात थरथरत होते. पण दुसऱ्या मिनिटास रंगले. एक वाक्य मीं लगेच उतरून घेतलें : "मोटार जळली की आधी वास येतो, मग धूर येतो, आनि मग शेतकरी येतो; त्याच्या तोंडाकडं बघितलं की आत किती जळलंय ते मोटार न उघडता कळतंय." एवढें वाक्य लिहावयास एकाद्या कथालेखकास आठवडा लागला असता. शेवटीं निरीक्षक उभे राहिले, चांगले शिकलेले, उच्चार स्वच्छ. त्यांनीं वही उघडून वाचलें : ‘आनि’ चौदा वेळां, ‘पानी’ नऊ वेळां, ‘कोन’ तीन वेळां. सभा हंसली. मोटारवाले गृहस्थहि हंसले, सर्वांत मोठ्यानें. जळलेल्या मोटारीच्या वाक्याचा उल्लेख वृत्तांतांत नव्हता. पुढें त्या गांवीं पुन्हां जाण्याचा योग आला तेव्हां चौकशी केली. ते त्यानंतर एकाहि सभेस आले नव्हते.

त्या निरीक्षकांनीं मोजणी खोटी केली नव्हती. पण मोजलें काय? ज्यास आपण प्रमाण मराठी म्हणतों ती मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली. ती शाळेंत व छापखान्यांत शिरली आणि सर्वांची झाली. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें, मोरो केशव दामल्यांचें शास्त्रीय व्याकरण १९११ सालीं. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें मराठी बोलली जातच होती, आणि ती एका तऱ्हेनें बोलली जात नव्हती. नागपुराकडचा मनुष्य ‘तो येऊन राहिला’ म्हणतो. सोलापुराकडे ‘मी काम केलो’ ऐकूं येतें. कोल्हापूरची मुलगी ‘मी येतो’ म्हणते, आणि तिला लिंगविचार कळत नाहीं असें समजणाऱ्यास कोल्हापूर कळलेलें नाहीं. हे प्रयोग बेशिस्त नव्हेत. त्या त्या ठिकाणीं ते नियमानें चालतात, आणि ते मोडणारा तेथें परका ठरतो. म्हणून चूक आणि बोली हीं दोन निरनिराळीं खातीं आहेत. ‘माझी मदत कर’ हें वक्त्याच्या आजीच्या घरींहि कोणी म्हणत नव्हतें. ‘पानी’ हें त्याच्या आजीच्या घरीं सर्वजण म्हणत होते. पहिलें टिपावें. दुसरें वक्त्यानें स्वतः विचारलें, मला आकाशवाणीवर बातम्या वाचावयाच्या आहेत, उच्चार सुधारून द्या असें म्हणाला, तरच त्याच्याशीं एकान्तांत बसून मन आणि मण, कोन आणि कोण अशा जोड्या घोकवून घ्याव्या. मी स्वतः कित्येक विद्यार्थ्यांस अशा जोड्या दिल्या आहेत. महिन्याभरांत जीभ वळते. हंसण्यानें ती वळत नाहीं, आंत ओढली जाते.

हें केवळ सभेपुरतें नाहीं. आपल्या शिकल्यासवरल्या घरांतून मराठीचा कैवार मोठ्या आवाजांत घेतला जातो, आणि त्याच घरांत पोरें इंग्रजींत बोलूं लागलीं म्हणून हळहळहि व्यक्त होते. या दोहोंचा संबंध मीं एका आप्तांच्या घरीं डोळ्यांनीं पाहिला आहे. सहा वर्षांचा नातू, इंग्रजी शाळेंत जाणारा, स्वयंपाकघरांत येऊन म्हणाला, "आजी, मी दूध पिली." आत्याबाई खो खो हंसल्या : "पिली काय रे? तूं काय मांजरीचं पिल्लू आहेस?" सगळे हंसले. पोराचा चेहरा उतरला आणि पुढचें वाक्य इंग्रजींत आलें, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. आजी तेवढ्या शहाण्या. त्या हंसल्या नाहींत. म्हणाल्या, "प्यालास? सगळं दूध प्यालास? शाबास रे बाळा." चूक दाखविली नाहीं, सुधारलेलें रूप मात्र दोनदां कानांवर घातलें. संध्याकाळीं तोच पोरगा आजोबांस सांगत होता, "मी सगळं दूध प्यालो." शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या रीतीस कांहीं मोठें नांव असेल, आजींच्या मुखांत ती नांवावांचून नांदत होती.

सभेंतील वैयाकरणानेंहि आजींचीच रीत धरावी, असा माझा निवाडा. तेव्हां नाशिकच्या आजोबांस माझें नम्र सांगणें कीं आपलें तत्त्व बरोबर आहे, पण ‘एकहि सोडूं नकोस’ हें जमावयाचें नाहीं. तांबड्या शाईनें भरलेलें पान मुलाच्या हातीं दिलें तर तें शाई पाहतें, शब्द पाहत नाहीं. आणि धाकट्या दिरांस सांगणें असें कीं चुका न काढणारा निरीक्षक म्हणजे दिवा न दाखविणारा वेळरक्षक. लोक तेथें सुधारण्यासाठीं येतात, गोड बोलणें त्यांस घरींहि मिळतें. (सर्वांच्याच घरीं मिळतें असें नाहीं, तें असो.)

प्रत्यक्ष वृत्तांत असा द्यावा. आधीं डावें अंग वाचावें, वक्त्याचें नांव घेऊन आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. ‘भाषा छान होती’ असें मोघम बोलून कोणास कांहीं मिळत नाहीं. मग उजव्या अंगांतील दोन किंवा तीनच गोष्टी, नांव न घेतां, आणि चुकीचें रूप एकदांच उच्चारून बरोबर रूप दोनदां. ज्या चुकीनें अर्थ बदलला ती प्रथम. जी केवळ कानास खटकली ती मागून. उरल्या त्या वहींतच राहूं द्याव्या. सभेचा अध्यक्ष चुकला असेल तर त्यासहि हाच नियम, अधिक नाहीं आणि उणा नाहीं. ऱ्हस्वदीर्घाच्या भानगडींत पडूं नये. तो कागदावरचा प्रश्न आहे. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हां बोलण्यांत कोणासहि फरक ऐकूं आला नाहीं.

राहिला ‘आजचा शब्द’. या कामांत मला याचीच सर्वांत अधिक हौस वाटते. नाम शक्यतों घेऊं नये. विशेषण किंवा क्रियाविशेषण घ्यावें, कारण तें कोणत्याहि विषयांत सहज बसतें. कोशांतून धुंडाळून ‘किंकर्तव्यमूढ’ आणलें तर सभेची तीच अवस्था होईल. ज्ञात पण वापरांतून गळत चाललेला शब्द शोधावा : अंमळ, लगबगीनें, ओझरतें, हळुवार. मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून सर्वांस दिसेल असा ठेवावा, अर्थ सांगावा, एक वाक्य करून दाखवावें. समजा, ‘लख्ख’ हा शब्द दिला. कोणी ‘लख्ख ऊन’ म्हणेल, कोणी ‘लख्ख घांसलेली भांडीं’, आणि एकादी प्रौढ बाई ‘मला तो दिवस लख्ख आठवतो’ म्हणून सर्वांवर ताण करील. घाबरलेला एकादा नवा सभासद मात्र ‘बाहेर लख्ख अंधार होता’ असें बोलून जाईल. त्यानें शब्द वापरण्याचें धाडस केलें, तेव्हां त्याचें नांव डाव्या अंगासच लिहावें. आणि वृत्तांतांत सांगावें कीं ‘लख्ख’ हा उजेडाचा सोबती, अंधारासाठीं मराठीनें ‘मिट्ट’ आणि ‘गुडुप’ असे दोन निराळे ठेवले आहेत. सभा एक शब्द घेऊन जाणार होती, ती तीन घेऊन जाते.